मार्था सिस्टरांचे कान

एका माणसाचं ब्लडप्रेशर मी दोन रात्री न घेताच कागदावर लिहिलं होतं. हे आजपर्यंत मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या डॉक्टरांच्या हाताखाली पुढे अकरा वर्षं काढली त्यांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आधी ठरवलं होतं की हे शेवटी लिहावं. पण मी स्वतःला ओळखतो. शेवटापर्यंत पोचेतो काहीतरी सबब काढून मी ते गाळलं असतं. म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकलं. आता मार्था सिस्टरांबद्दल जरा मोकळेपणाने लिहिता येईल असं वाटतं. बघू.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी बहरीनला गेलो. मिरजेला नर्सिंग केलं होतं. पुरुष नर्स म्हणजे आमच्या गावात थट्टेचा विषय. 'काय सदा, बाळंतपणं करतोस का रे?' असं पारावरून ओरडून विचारायचे. आखातात मात्र कुणी हसत नव्हतं. मनामात वीस-बावीस खाटांचं एक खाजगी हॉस्पिटल होतं. खाली दवाखाना, वर वॉर्ड, मागे सिमेंटचं अंगण, तिथे अँब्युलन्स उभी असायची. मी आणि आणखी तिघं शहरातल्या झिंज भागात एका फ्लॅटवर राहायचो.

पहिल्या दिवशी मी वॉर्डच्या सिस्टर-इन-चार्जना नमस्कार करायला हात जोडले, तर त्यांनी त्यातला एक हात सोडवून घेतला. मनगटावर तीन बोटं ठेवली. वरच्या बोटाने नस दाबून धरली आणि खालच्या दोन बोटांनी ती कातडीखाली अशी लोळवून पाहिली, जशी बायका बाजारात शेवग्याची शेंग बघतात.

"मऊ आहे," त्या म्हणाल्या. "वयाला शोभेशी आहे. नाव काय?"

"सदानंद."

"सदा. चल, तुला वॉर्ड दाखवते."

त्या मार्था सिस्टर. वसईकडच्या गिरीजच्या. वय पन्नाशीला टेकलेलं, उंची बेताची, अंगाने रुंद. पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, कारण बायकांच्या बुटांत म्हणे 'पाय माणसासारखा बसत नाही'. अंबाड्यात एक पेन्सिल खोचलेली, एका टोकाला निळी, दुसऱ्या टोकाला लाल. दिवसाचं प्रेशर त्या निळ्याने लिहायच्या, रात्रीचं लालने. गिरीजच्या माणसांशी त्या त्यांच्या बोलीत बोलायच्या, ती मला निम्मी कळायची. आमच्याशी बोलायच्या ते मराठी चर्चमध्ये वाचतात तसं स्वच्छ, पण मध्येच असा एखादा शब्द पडायचा की चर्चमध्ये चालला नसता.

अरबीचे त्यांना चार शब्द येत होते, आणि चार शब्दांवर त्यांनी अख्खा वॉर्ड चालवला. "यल्ला" म्हणजे उठा, चाला, गोळी घ्या. "खलास" म्हणजे पुरे झालं रडणं, किंवा सलाईन संपलं. "मफी" म्हणजे नाही. "इंशाल्ला", म्हणजे देवाची इच्छा असेल तर, हा त्यांनी पेशंटना बंद केलेला शब्द होता. "गोळी घेणार का?" असं विचारल्यावर कुणी म्हातारा "इंशाल्ला" म्हणाला की त्या कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "इंशाल्ला मफी. अभी. यल्ला." आणि म्हातारा हसत हसत गोळी घ्यायचा. त्या रागावल्यात असं कुणाला वाटायचंच नाही.

मनगट धरण्याची खोड मात्र सगळीकडे. मासळीबाजारात मासेवाल्याचं, दुकानात शिंप्याचं. एकदा नाताळच्या आधी वसईच्या लोकांचं जेवण होतं. मलाही बोलावलं होतं. पाहुणे आलेले फादर सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवत आशीर्वाद देत फिरत होते. मार्था सिस्टरांपाशी आले, तर यांनी तो आशीर्वादाचा हात वरच्या वर झेलला.

"फादर, आशीर्वाद राहू दे. मीठ किती खाता?"

"मार्था, लोक बघतायत."

"बघू देत. ही नस आहे की सुतळी? उद्या सकाळी या, उपाशीपोटी."

फादर दुसऱ्या दिवशी खरंच आले.

हे नसेचं प्रकरण त्यांनी मला अंगणात शिकवलं. अँब्युलन्स धुवायचा एक रबरी पाइप तिथे बारा महिने उन्हात पडलेला असे. बहरीनचं ऊन म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. नवा पाइप आणला त्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं आणि दोन्ही पाइप माझ्या हातात दिले.

"हा नवा. दाब. दबतो ना? नळ सोडला की जरा फुगतो, पाण्याचा धक्का पोटात घेतो, पुढे हळू सोडतो. आता हा गेल्या वर्षीचा. दाबून दाखव."

दबत नव्हता. पापडासारखा कडक झाला होता.

"याच्यात पाणी सोडलं की धक्का जशाच्या तसा पुढे जातो. आणि जिथे नाजूक जागा असेल तिथे फुटतं. नळाला बिचाऱ्याला काय माहीत, पुढे पाइप वाळलाय म्हणून? तो आपला जोर लावतो. तसंच हृदय. समजलं?"

समजलं, असं मी म्हणालो.

पण त्यांचं खरं वेड होतं ते रात्रीचं. निरोगी माणसाचं प्रेशर झोपेत उतरतं, दिवसापेक्षा पंधरा-वीसने खाली येतं, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्यांनी जास्त पक्कं शिकवलं. त्यांचे वडील केळीच्या बागेला रहाटाचं पाणी द्यायचे. त्या म्हणायच्या, "बैल दिवसभर गोल फिरतो, पण संध्याकाळी सोडतात ना त्याला? काही माणसांचा बैल रात्री सुटतच नाही. डॉक्टर येतात दिवसा. त्यांना फिरता बैल दिसतो, ते म्हणतात, ठीक आहे, बैल फिरायचाच. रात्री गोठ्यात कोण डोकावतो?" वडील पहाटे गेले होते, पाणी द्यायला उठले आणि विहिरीपाशीच पडले. दिवसा ठणठणीत माणूस. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, चादरींच्या घड्या घालताना, आणि लगेच म्हणाल्या, "कोपरे जुळव नीट."

झोपलेल्या माणसाचं प्रेशर घ्यायची त्यांची स्वतःची रीत होती. रात्री दहाला पेशंटच्या दंडावर पट्टा सैलसर बांधून ठेवायचा आणि स्टेथोस्कोपची चकती कोपराच्या खळगीत चिकटपट्टीने बसवायची. पहिल्या रात्री माणूस कुरकुरतो, मग सवय होते. दोन वाजता बूट काढून जायचं. बॅटरीवर रुमाल टाकून पाऱ्याची पेटी उघडायची, नळ्या जोडायच्या आणि फुगा इतक्या सावकाश दाबायचा की माणसाला स्वप्नात कुणीतरी हात धरल्यासारखं वाटावं. त्यांची ड्यूटी दिवसाची होती. राहायच्या वरच्याच मजल्यावर. तरी शंका आली की दोन वाजता त्या हजर.

आमच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर तिथल्याच सनद गावचा होता, बहरीनी, आडदांड आणि भित्रा. डॉक्टरांनी प्रेशर घेतलं की दरवेळी वर. गोळ्या वाढत चालल्या आणि त्याला चक्कर यायला लागली. सिस्टरांनी त्याला दोन रात्री वॉर्डमध्ये झोपवलं आणि लाल आकडे डॉक्टरांपुढे ठेवले. झोपेत त्याचं प्रेशर लहान मुलासारखं.

"डॉक्टरसाब, आप आते हो तो इसका प्रेशर खडा होके सलाम करता है," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर हसले. गोळ्या कमी केल्या. चक्कर थांबली. डॉक्टर वाईट नव्हते. हुशार होते, घाईत असायचे, आणि सिस्टरांच्या लाल पेन्सिलीला ते, नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेवरून, 'मार्था का मिडनाइट मास' म्हणायचे.

या साऱ्यात कासमभाई आले.

कासमभाई रत्नागिरीकडचे. बांधकाम सामानाच्या दुकानात स्टोअरकीपर. पंचेचाळीसचे असतील. सकाळी उठलं की मागच्या बाजूने डोकं धरतं, एवढीच तक्रार. गोळी चालू होती आणि दिवसा प्रेशर बरं असायचं. सिस्टरांनी त्यांचं मनगट हातात घेतलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं. दुसरं मनगट घेतलं.

"ह्यांना ठेवून घेऊ," एवढंच म्हणाल्या.

पहिल्याच संध्याकाळी वॉर्डभर वास सुटला. सिस्टर वास काढत काढत कासमभाईंच्या खाटेपाशी गेल्या आणि उशीखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढली. सुके बोंबील.

"हे काय?"

"गावचा माणूस आला परवा, त्याने आणलान. असा काय करताव सिस्टर, वासाला ठेवलंय फक्त."

"वासाला? आणि हे अर्धं कुणी खाल्लं, उशीने?"

"हॉस्पिटलच्या जेवणात चव नाय ओ."

"चव म्हणजे मीठ. मीठ मफी, कासमभाई. खलास."

पुडी जप्त झाली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांनी स्वतःच्या खोलीतल्या स्टोव्हवर ते बोंबील तीन पाण्यांतून काढून, कांदा घालून परतून आणले आणि कासमभाईंपुढे ठेवले. कासमभाईंनी एक घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "नुसता कापूस लागतोय." वसईची बाई आणि रत्नागिरीचा माणूस, दोघं पोटभर हसले. मी ट्रे घेऊन उभा होतो. त्या दोघांना तसं हसताना मी बघितलं आहे, हे मला नंतर फार जड गेलं.

त्या रात्री दोन वाजता सिस्टर स्वतः गेल्या. कासमभाई घोरायचे ते असं, की शेजारच्या खाटेवरच्या पाकिस्तानी सुताराने कानात कापूस घातला होता. घोरणं चढत जायचं, एकदम थांबायचं, आणि माणूस बुडता बुडता वर यावा तसं पुन्हा सुरू व्हायचं. सिस्टरांनी लाल आकडा लिहिला : १९६ खाली ११४. दिवसा १४२ होता.

सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, इतने खर्राटे में आपको सुनाई क्या दिया?"

"जो लिखा वो."

डॉक्टर हिंदीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा : "एका रीडिंगवर मी औषध बदलणार नाही. दोन रात्री आणखी घ्या. पण तुम्ही नको. तुमच्या मनात आधीच आहे, म्हणून कानात येतं. दुसऱ्या कुणाला तरी घेऊ द्या. त्याचंही वर आलं, तर ठेवून घेतो, संध्याकाळचं औषध सुरू करतो. नाही आलं, तर घरी."

सिस्टर म्हणाल्या, "सदा घेईल. माझ्याइतकेच कान तयार झालेत त्याचे."

त्या दोन रात्री माझ्या होत्या.

पहिल्या दिवशी मी झोपलो नव्हतो. झिंजच्या फ्लॅटवर कुणीतरी भाड्याने व्हिडिओ आणला होता आणि आम्ही सकाळपासून लागोपाठ तीन सिनेमे बघितले. कारण एवढंच. घरी कुणी आजारी नव्हतं, मनावर काही ओझं नव्हतं. रात्री दहाला मी कासमभाईंना पट्टा बांधला, चकती चिकटवली आणि खुर्चीत बसलो. जाग आली ती पहाटेच्या अजानने. धावत गेलो, तर कासमभाई नमाजसाठी उठून बसले होते आणि स्वतःच पट्टा सोडत होते.

"सदाभाऊ, रात्री येऊन गेलात काय? मला तर कळलंच नाय."

"हो," मी म्हणालो. "गाढ झोपेत होतात तुम्ही."

"हात हलका हाय हो तुमचा."

हे खोटं बोलायला क्षणही लागला नाही. मग मी लाल पेन्सिलीने लिहिलं : १२८ खाली ८०. चढा आकडा लिहिला असता तर लोक प्रश्न विचारणार. उतरलेल्या आकड्याला कुणी काही विचारत नाही. आणि झोपेतला चांगला आकडा कसा दिसतो, दिवसापेक्षा किती उतरलेला असतो, हे मला चोख माहीत होतं. ते मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्या विद्येवर मी तो खोटा आकडा इतका खरा केला की त्यांनाही तो खरा वाटला.

पहिली रात्र एक वेळ माफ होईल. झोप लागली, माणूस आहे. दुसऱ्या रात्री मी टक्क जागा होतो.

दोन वाजता बूट काढून गेलो. बॅटरीवर रुमाल टाकला, पेटी उघडली, नळ्या जोडल्या, चकतीच्या नळीची टोकं कानात घातली. फुगा माझ्या मुठीत होता. कासमभाईंचं घोरणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. आता फुगा दाबायचा आणि आकडा बघायचा, एवढंच होतं. पण आकडा वर आला तर? मग काल रात्री तो १२८ कसा होता? मी तसाच उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. पाय गार पडले होते एवढं आठवतं. मग नळ्या काढल्या, पेटी मिटली, टेबलाशी जाऊन लिहिलं : १२६ खाली ८०. तोच आकडा पुन्हा नको, म्हणून दोनने कमी केला.

सकाळी डॉक्टरांनी कागद बघितला. "सिस्टर, आपने प्रेशर नहीं सुना, खर्राटे सुने."

राउंडला जेवढे होते तेवढे हसले. मीही हसलो.

सिस्टरांनी कागद हातात घेतला. लाल आकड्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता वर बघतील आणि त्यांना कळेल. त्यांनी वर बघितलं. "अक्षर सुधारलंय तुझं," म्हणाल्या. मग कासमभाईंच्या खाटेशी गेल्या. "जा बाबा घरी. तुझा बैल सुटतो रात्री. माझंच ऐकण्यात काहीतरी झालं."

"आता बोंबील खाऊ?" कासमभाईंनी विचारलं.

"मफी," त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

दोन महिन्यांनी एका सकाळी दुकानातल्या माणसांनी कासमभाईंना उचलून आणलं. पहाटे उठताना पडले होते. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. डोक्यातली नस फुटली होती. आठवड्याभराने त्यांना एक शब्द परत आला : 'बरां'. काहीही विचारलं तरी तेवढंच. पाणी हवं का? "बरां." दुखतंय का? "बरां." मला बघून त्यांनी डावा हात उचलला आणि म्हणाले, "बरां, बरां." गावच्या एका माणसासोबत त्यांना विमानाने घरी पाठवलं. बायको आणि एक मुलगी होती. दीड वर्षाने ते गेल्याचं कळलं.

ते वॉर्डमध्ये होते तेव्हाची गोष्ट. चादरींच्या खोलीत मी एकटा होतो. सिस्टर आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"सदा, एक विचारते. रागावू नकोस."

"विचारा ना सिस्टर."

"त्या दोन रात्री तू स्वतः ऐकलंस ना? तुझ्या कानाने?"

आता हे लिहिताना दिसतं की खरं सांगायची वाट मोकळी होती. त्यांनीच ती करून दिली होती. आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता; विनवणी होती. मी 'नाही' म्हणावं, अशी. मला मात्र त्या क्षणी फक्त रद्द झालेला व्हिसा आणि पारावरचे लोक दिसले.

"हो सिस्टर," मी म्हणालो. "दोन्ही वेळा. एकदा तर दोनदा घेतलं."

त्यांनी थप्पीतल्या वरच्या चादरीचे कोपरे जुळवले.

"मग माझेच कान," त्या म्हणाल्या. "तसं असेल तर हा झटका कुठूनही आला असेल. देवाची मर्जी. पण माझे कान गेले, सदा."

त्यानंतर त्यांनी रात्री दोनला उठणं सोडलं. पेन्सिलीचं लाल टोक झिजेना. नव्या पेशंटचं मनगट धरायच्या, पण काही बोलायच्या नाहीत. डॉक्टरांनीच आग्रहाने त्यांचे कान तपासून घेतले. वयाच्या मानाने उत्तम, असा रिपोर्ट आला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. "मशीन बंद खोलीत विचारतं," म्हणाल्या. "कासमभाई घोरत होता."

आणि मग ते सुरू झालं, जे पुढे पाच वर्षं चाललं. त्या प्रेशर घ्यायच्या, आकडा मनात ठेवायच्या आणि मला हाक मारायच्या. "सदा, तू एकदा बघ रे." मी बघायचो. आकडा सांगायचो. त्यांचाही तोच असायचा. पाच वर्षांत एकदाही फार चुकला नाही.

"बरोबर आहे सिस्टर."

"आज असेल."

दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. नव्या आलेल्या केरळच्या मुली एकमेकींना खुणा करून हसायच्या. ज्यांनी मला कान दिले, त्या बाई स्वतःच्या कानाची खात्री माझ्याकडून करून घेत होत्या. मी प्रत्येक वेळी स्टेथोस्कोप लावून वाकायचो आणि मला वाटायचं, आता सांगतो. एकदा अंगणात सुरुवातही केली. "सिस्टर, ते कासमभाईंचं—"

"नको रे," त्या घाईने म्हणाल्या. "ते नाव काढू नकोस. मी त्याला घरी जा म्हटलं होतं. माझ्या तोंडाने."

मी थांबलो. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या हायसं वाटण्याची.

सौदीकडे जाणाऱ्या समुद्रावरच्या पुलाचं काम जोरात चालू होतं त्या सुमारास त्यांनी कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. शहराबाहेर जनाबिया भागात हॉस्पिटलच्या मालकांचा व्हिला होता. तिथे निरोपाचं जेवण झालं. डॉक्टर मनापासून चांगलं बोलले. माझ्यावर बोलायची वेळ आली तेव्हा मी 'सिस्टरांनी मला सगळं शिकवलं' असं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मला भरून आलं.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. त्यांनी पोपटी साडी नेसली होती. युनिफॉर्मशिवाय त्या लहान दिसत होत्या, कुणाचीतरी मावशी वाटाव्यात अशा. दोरी बांधलेलं एक खोकं, एक बॅग. काचेच्या पलीकडे गेल्यावर त्यांनी मागे वळून हात केला, मीही केला. मग लाउडस्पीकरवर घोषणा झाली, आधी अरबीत, मग इंग्रजीत. काचेअलीकडे मलाही स्वच्छ ऐकू आली. सिस्टर उठल्या, बॅग उचलली, योग्य दिशेने दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. शेजारच्या मुलीला त्यांनी काहीतरी विचारलं. मुलीने हात करून तीच दिशा दाखवली. त्यांनी मान हलवली, तरी जागच्या हलल्या नाहीत. पुढे एक म्हातारं जोडपं बसलं होतं, त्यांना जाऊन विचारलं. त्यांनीही तीच दिशा दाखवली. तेव्हा कुठे त्या निघाल्या, आणि दारातून दिसेनाशा झाल्या.

सिस्टर गिरीजला असतात. सत्तरी कधीच उलटली. दर नाताळला कार्ड येतं, मीही पाठवतो. दोनदा मी वसईपर्यंत जाऊन परत आलो. त्या रात्री कासमभाईंच्या दंडावर त्यांनी जे ऐकलं ते बरोबर होतं, आणि माझे दोन्ही आकडे मी मनाचे लिहिले होते, हे मला त्यांच्यासमोर बसून माझ्या तोंडाने सांगायचं आहे. कासमभाईंच्या मुलीलाही सांगायचं आहे. अजून दोघींनाही सांगितलेलं नाही.